ज्ञान आणि त्याची भाषा

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या, की शेतकरी चिंतेने म्हणतो, "केवडा आला!" या रोगाने झाड खुरटते व फळे पिवळट पडतात. आपल्या जिंतूर तालुक्याच्या जिल्ह्याचे ठिकाण परभणी. तेथील कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी लागवडीच्या भेंडीचा तिच्या एका जवळच्या जातीशी संकर केला आणि केवड्याला सहजी बळी न पडणारे वाण सिद्ध केले. १९८५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आलेले ते वाण म्हणजे 'परभणी क्रांती'.

असे संशोधन बांधावर समजावून सांगावयाचे, तर मराठीच हवी. परंतु तेच जगातील विद्वानांपुढे मांडावयाचे, तर बहुधा इंग्रजीत निबंध लिहावा लागतो. सामाईक भाषा असण्यात मोठी सोय आहे; जपानचा आणि ब्राझीलचा शास्त्रज्ञ तिच्याच आधारे एकमेकांचे काम जाणतात. मात्र या सोयीचे ओझे सर्वांच्या खांद्यांवर सारखे पडत नाही. २०२३ मध्ये आठ देशांतील ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांचे निबंध केवळ भाषेपायी नाकारले जाण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आढळले.

मग न्याय कशात आहे? एके काळी पदार्थविज्ञानात जर्मन भाषेला मोठा मान होता. १९२४ मध्ये ढाक्याचे प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला इंग्रजी निबंध आईन्स्टाईन यांच्याकडे पाठविला. भाषांतर करण्याइतके जर्मन आपणांस येत नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने कळविले. आईन्स्टाईन यांनी "आधी जर्मन शिका" असे उत्तर दिले नाही. निबंधातील विचाराचे मोल ओळखून त्यांनी स्वतः त्याचे भाषांतर केले व तो छापविला. आज विश्वातील मूलकणांच्या एका वर्गाला बोस यांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणतात.

भाषेतील चूक ही विचारातील चूक नव्हे. विचार आधी पारखावा, आणि भाषा सुधारण्यास हात द्यावा. हाच तो न्याय.

मुलांनो, इंग्रजी अवश्य शिका. पण हा न्याय दुसऱ्यांकडून मागण्यापूर्वी आपणही पाळला पाहिजे. तांड्यावरून येणारा, घरी गोरमाटी बोलणारा तुमचा सोबती मराठीत उत्तर देताना अडखळला, तर हसू नका. त्याचे उत्तर बरोबर आहे की नाही, ते आधी ऐका.

स्वाध्याय
१. सामाईक भाषेची सोय कोणती व तिचे ओझे कोणते?
२. आईन्स्टाईन यांनी बोस यांच्या निबंधाचे काय केले? त्यातून कोणता बोध होतो?