हळद : कंदातील इतिहास आणि कागदावरील पुरावा

इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या, हा विद्यार्थ्यांचा समज आम्हास वर्गात प्रथम दूर करावा लागतो. त्यासाठी आम्ही हळदीचे उदाहरण घेतो.

हळद ही आले व वेलदोडा यांच्याच कुळातील वनस्पती. ती रानात आपोआप वाढत नाही. जिला रानहळद म्हणतात, ती जात निराळी. बहुतेक वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हळदीत तीन असतात. त्यामुळे तिला फुले येतात, परंतु रुजणारे बी सहसा धरत नाही. कंद राखून तो दरवर्षी माणसालाच लावावा लागतो. सांगली-हिंगोलीकडील शेतकरी जेठे गड्डे बेण्यासाठी ठेवतात आणि हळकुंडे शिजवून, वाळवून बाजारात नेतात.

म्हणजे आजचे बेणे गतवर्षीच्या पिकातले, ते त्याच्या आदल्या वर्षीचे. ही परंपरा किती जुनी? हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत हळदीचे पिष्टकण आढळले आहेत. ज्यांनी हे बेणे पिढ्यानपिढ्या जपले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. कंद हीच त्यांची खूण.

कायद्यापुढे मात्र ही खूण अपुरी पडते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. जे आपल्या घरोघरी ठाऊक होते, ते तेथे नवा शोध ठरले; कारण परदेशातील तोंडी ज्ञान त्या वेळचा अमेरिकी कायदा पुरावा मानीत नसे, छापील मजकूर मागे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले. जुन्या ग्रंथांसह, १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेख पुढे ठेवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

हळदीचे ज्ञान कोणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून ते वाचले. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या ज्ञानाचे काय झाले असेल?

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळी सुटी म्हणजे हळदीच्या लागवडीचे दिवस. गावी वडीलधाऱ्यांजवळ बसा. बेणे कोठून आणले, कसे राखले, कोणत्या पाल्याचा काय उपयोग केला, हे विचारा. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालून ते वहीत उतरवा. लेखणी आता तुमच्या हाती आहे.