स्थानिक संस्थेने फाउंडेशनच्या अनुदानासाठी अर्ज कसा करावा?

आपल्या गावोगावच्या अंजुमन, वेल्फेअर सोसायट्या आणि तालीमी ट्रस्ट बहुतेक रमजानच्या चंद्यावर चालतात. कापडाच्या गावात या पद्धतीची अडचण सर्वांना ठाऊक आहे. सुताचा भाव चढला, माग बंद पडले की चंदा आटतो. आणि नेमक्या त्याच वर्षी मुलांच्या फीसाठी व दवाखान्याच्या बिलासाठी संस्थेच्या दारात रांग वाढते. देणारे आणि घेणारे एकाच धंद्यावर अवलंबून असले की संस्था सर्वांत निकडीच्या वेळी रिकामी होते. म्हणून संस्थेने बाहेरच्या अनुदानाची वाट धरणे आवश्यक आहे. ही वाट कशी चालावी, याचा विचार या लेखात करू.

फाउंडेशन म्हणजे काय?

अनेक देणगीदारांचा पैसा एका ठिकाणी ठेवून आपल्याच शहरातील संस्थांना वाटायचा, ही पद्धत १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे फ्रेडरिक गॉफ या बँकरने सुरू केली. तिला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आपल्याकडे अशी फाउंडेशने थोडी आहेत. मोठा वाटा जुन्या ट्रस्टांचा आणि कंपन्यांचा आहे. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ पासून व सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ पासून काम करीत आहेत. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. त्यात कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. तेव्हा मुंबई-दिल्लीकडे पाहण्याआधी आपल्या जवळच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्या मोठ्या कंपन्या आहेत, याची यादी करावी.

आधी कागद, मग अर्ज

अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी पुढील कागद नसतील तर तो पहिल्याच टेबलावर थांबतो.

१) धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आपल्या अनेक संस्थांत येथेच घोटाळा असतो. नोंदवहीत इंतकाल झालेल्या बुजुर्गांची नावे आणि अर्जावर त्यांच्या मुलांच्या सह्या! देणारा विचारतो, सही करणारा हा कोण? त्याला कागदावर उत्तर देता आले पाहिजे.

२) मागील तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब. ऑडिट दरवर्षीच्या दरवर्षी झालेले असावे. तीन वर्षांचे एकदम करून घेतलेले ऑडिट तारखांवरून लगेच ओळखू येते.

३) प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, ज्यांना आपण १२ए आणि ८०जी म्हणत आलो. २०२१ पासून या नोंदण्या मुदतीच्या झाल्या. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्जात कोणता क्रमांक लिहावा, हे आपल्या सीएकडून घ्यावे.

४) सीएसआरचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक. तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणीही अनेक ठिकाणी मागतात.

५) संस्थेच्या नावाचे बँक खाते, दोन सह्यांचे. विश्वस्ताच्या दुकानाच्या खात्यात संस्थेचा एक रुपयाही जाऊ नये.

मशिदीचा ट्रस्ट आणि सेवेचा ट्रस्ट

हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. एका विशिष्ट धर्मसमाजाच्याच फायद्यासाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही, आणि धार्मिक कार्य सीएसआरच्या यादीत बसत नाही. मशीद किंवा मदरशाच्या ट्रस्टच्या नावाने शिवणवर्गासाठी अर्ज केला तर हेतू नेक असूनही तो परत येतो. त्यासाठी शिक्षण, आरोग्य व रोजगार यांचा स्वतंत्र ट्रस्ट असावा आणि त्याच्या घटनेत लाभार्थी “गरजू नागरिक” असे असावेत.

पण हे केवळ कागदावर लिहून भागणार नाही. मोहल्ल्यातील विणकराच्या मुलीसोबत शेजारच्या वस्तीतील पद्मशाली किंवा बौद्ध मुलीलाही वर्गात जागा मिळाली पाहिजे. मागाच्या गावात गरिबी सर्वांची सारखीच आहे, आणि शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनची ताकीद आपण जाणतोच. जी संस्था हे मनापासून करू शकत नसेल, तिने असा अर्ज करू नये. खोटी माहिती देऊन आणलेला पैसा हलाल कसा म्हणावा?

जकात वेगळी, अनुदान वेगळे

जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरलेले आहेत. शिवाय हनफी फिकहात जकात गरजूच्या मालकीत देण्याची, म्हणजे तमलीकची, अट आहे. त्यामुळे शिक्षकाचा पगार, वर्गाचे भाडे, यंत्रे, वीजबिल यांवर जकात लावता येत नाही, आणि संस्था नेमक्या याच खर्चापायी बंद पडतात. तेव्हा जकात गरजूंच्या हातात जाऊ द्यावी आणि हा खर्च अनुदानातून मागावा. दोन्हींसाठी वेगळे खाते व वेगळी रोकडवही ठेवावी. अनुदानाच्या रकमेवर बँकेने व्याज जमा केले तर ते लपवू नये किंवा परस्पर वाटून टाकू नये. करारात त्याबद्दल अट असते. तीप्रमाणे हिशेबात दाखवावे.

अर्जात काय लिहावे?

बहुतेक ठिकाणी प्रथम दोन पानांचे टिपण मागतात. पसंत पडले तर सविस्तर अर्ज. अर्ज करण्याआधी त्या फाउंडेशनचा विषय, जिल्हा आणि रकमेची मर्यादा वाचावी. लुंगीच्या गिऱ्हाइकाला आपण सूटिंगचा नमुना दाखवीत नाही. एकच अर्ज झेरॉक्स काढून वीस ठिकाणी पाठविणे हा तोच प्रकार होय.

टिपणात चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: अडचण काय, ती कोणाची, आम्ही काय करणार, आणि ते झाले हे कसे कळेल. “समाज मागासलेला आहे, मदत करावी” या वाक्याने देणाऱ्याला काहीच कळत नाही. “आमच्या तीन गल्ल्यांत दहावीनंतर शाळा सोडलेल्या ६२ मुली आहेत, घरोघर जाऊन केलेली यादी सोबत आहे” असे लिहिता आले, तर अर्ज उभा राहतो. अशी यादी करायला पैसा लागत नाही, दोन शुक्रवार पुरतात.

अंदाजपत्रक

येथे तरी व्यापाऱ्याने कमी पडू नये. उदाहरणादाखल, ४० मुलींच्या एका वर्षाच्या शिवणवर्गाचा हिशेब असा मांडता येईल:

शिवणयंत्रे १२, प्रत्येकी १४,००० रु. – १,६८,००० रु.
शिक्षिकेचे मानधन, दरमहा १५,००० रु. – १,८०,००० रु.
जागेचे भाडे, दरमहा ८,००० रु. – ९६,००० रु.
वीज, दरमहा ३,००० रु. – ३६,००० रु.
कापड व दोरा, प्रत्येकी १,५०० रु. – ६०,००० रु.
दुरुस्ती व सुया – १२,००० रु.
हिशेब व ऑडिट – १८,००० रु.
एकूण – ५,७०,००० रु.

दर मुलीमागे १४,२५० रु. पडतात. भाड्याचे ९६,००० रु. संस्थेने स्वतः उचलले तर मागणी ४,७४,००० रुपयांची राहते. आपला वाटा दाखविला की देणाऱ्याचा भरवसा वाढतो. यंत्रांसाठी तीन दुकानांची कोटेशने जोडावीत. विश्वस्ताच्या नातेवाइकाचे दुकान त्यात असेल तर ते नाते उघड सांगावे आणि त्या ठरावात त्या विश्वस्ताने मत देऊ नये. ऑडिटचा खर्च लाजून वगळू नये. तो पुढे कोणाच्या तरी खिशातून जातोच.

परदेशातील पैसा

परदेशी फाउंडेशनचा पैसा २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि तेथून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कोकणातील वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. आखातात नोकरी करणारा भाऊ भारतीय नागरिक असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठविली, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेल्या चुलत्याची देणगी परदेशी ठरते. म्हणून पासपोर्टची प्रत घेऊन फाइलला लावावी.

पैसा मिळाल्यावर

रक्कम हप्त्याने येते. पहिल्या हप्त्याचा हिशेब आणि सीएचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर दुसरा हप्ता सुटतो. यंत्रांची रक्कम मानधनाकडे वळवायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. ४० ऐवजी ३१ मुलींनी वर्ग पूर्ण केला तर ३१च लिहावे आणि नऊ जणी का गेल्या, हेही लिहावे. कोणाचे लग्न झाले असेल, कोणाला घरी कांडी भरायला बसावे लागले असेल. देणाऱ्याला ही माहिती उपयोगी असते; फुगवलेला आकडा मात्र पाहणीच्या दिवशी उघडा पडतो.

देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद देणारी सूरह बकरहची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. दुकानात आपण तिचे पालन करतो, कारण तेथे स्वतःचे नुकसान दिसते. संस्थेचा पैसा अमानत आहे. तेथे तर लिखापढी अधिक कडक हवी. येत्या महिन्यात प्रत्येक संस्थेने तीन कामे करावीत: विश्वस्तांची नावे नोंदवहीशी ताडून पाहावीत, राहिलेले ऑडिट पुरे करावे आणि एका गरजेची घरोघर यादी करावी. एवढे तयार असेल तर अर्ज लिहिणे हे आठ दिवसांचे काम आहे.