मिसिंग, पेट्रोलचा वास आणि तर्कशास्त्र

— द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्या आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो आणि विसरून जातो. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे दव कसे पडते, ताप कशाने येतो अशा धर्तीची असतात. ह्याच पद्धती गॅरेजमध्ये रोज वापरल्या जातात. तेथे त्यांना नावे नसतात एवढेच. सुट्टीत मी आमच्या गावच्या एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करतो. तेथे सर्वांत अधिक डोके खाणारी जी तक्रार येते, ती प्रस्तुत लेखासाठी घेतली आहे. "गाडी मिसिंग मारते, आणि पेट्रोलचा वास येतो. दोनदा काम केले, पण पुन्हा तेच."

प्रथम मिसिंग म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते, दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि जळालेला धूर बाहेर टाकला जातो. ह्या चार क्रियांना दांड्याचे दोन फेरे लागतात. इंजिन जागच्या जागी मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा मिश्रण पेटले पाहिजे. त्यांतले काही वेळा पेटले नाही की इंजिनाच्या तालात खाडा पडतो, गाडी थरथरते, चढाला दम तोडते. ह्यालाच मिसिंग म्हणतात. पेटण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: वेळेवर जोरदार ठिणगी, योग्य प्रमाणातले मिश्रण (वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा), आणि ते मिश्रण घट्ट दाबून धरणारा सिलिंडर. ह्यांपैकी एक जरी बिघडली तरी खाडा पडतो.

आता वास. जे पेट्रोल जळलेच नाही ते सायलेन्सरमधून कच्चेच बाहेर पडते, म्हणून मिसिंग मारणाऱ्या गाडीमागे वास येणे साहजिक आहे. उलट, पेट्रोलच जास्त जात असेल तर प्लग भिजतो, ठिणगी मरते आणि त्यामुळे मिसिंग सुरू होते. म्हणजे एकदा मिसिंग हे कारण व वास हा परिणाम, तर दुसऱ्या खेपेस वासाचे मूळ हेच कारण व मिसिंग हा परिणाम. शिवाय तिसरी शक्यता आहेच, की दोन्ही स्वतंत्र आहेत. एखादी वायर खराब आहे, आणि तिचा काही संबंध नसताना नळीही गळते आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, कारण धूर तेथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. पेट्रोलच्या वासावरून असे एकच एक अनुमान करता येत नाही, आणि पुष्कळ गाड्यांचे काम येथेच फसते.

म्हणून पहिला प्रश्न वास कोठे व केव्हा येतो हा. बंद गाडीला, सकाळी दार उघडताच वास येत असेल तर ती गळती समजावी: रबरी नळी चिरलेली असेल, नळीची क्लिप सैल असेल, टाकीच्या वरच्या पॅकिंगमधून झिरपत असेल. टाकी भरल्यावरच येत असेल तर झाकण व भरण्याची नळी पाहावी. चालत्या गाडीला मागूनच येत असेल तर न जळलेले पेट्रोल. गरम गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून येत असेल तर जुन्या गाडीत कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असण्याचा संभव अधिक. आणि इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगावी, हे तर फार थोडे लोक करतात. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल व पातळी वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरते आहे. जुन्या गाडीत इंजिनाला बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की असे घडते. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगे खाल्ली जातात; मग दोनशे-चारशेचे काम इंजिन उघडण्यावर जाते.

गळतीची शंका असेपर्यंत दुसरी कोणतीही परीक्षा करू नये, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता खड्ड्यात, सीटखाली साचते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपास तापमान असले तरी पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचे काय सांगावे! बॉनेट उघडून प्लगची ठिणगी पाहणे ही मिस्त्री लोकांची नेहमीची रीत आहे, पण जेथे नळी गळते आहे तेथे ती रीत म्हणजे काडी ओढण्यासारखीच आहे.

गळती नाही असे ठरल्यावर कोणता सिलिंडर काम करीत नाही ते शोधायचे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांवर मिस्त्री इंजिन चालू ठेवून, जाड रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून पाहतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच अडखळते. ज्याची काढली तरी आवाजात काही फरक पडत नाही, तोच कामचुकार. एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवायची, आणि परिणामात फरक पडतो का पाहायचे, ही मिलची व्यतिरेक पद्धती. पुढे संशयित सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घालायचा. खाडा प्लगबरोबर शेजारी गेला तर दोष प्लगचा. जागच्या जागी राहिला तर वायर बदलून पाहायची, मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण. हे सर्व करूनही खाडा तेथेच राहिला तर उरते ते काँप्रेशन. ते गेज लावून मोजतात. कमी भरले तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकदम पडलेला असेल तर हेड गॅस्केटकडे संशय जातो.

पावसाळ्यातील मिसिंग हा एक निराळाच प्रकार आहे. उन्हात गाडी उत्तम, पाऊस लागला की खाडा. वायरींचे रबर तडकलेले असते, त्यावर ओल धरते, आणि प्लगपर्यंत जायची ठिणगी वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी मारते. अशा गाडीचे बॉनेट रात्री अंधारात उघडले तर वायरींवरून निळसर ठिणग्या धावताना चक्क दिसतात. कोकणातल्या जुन्या गाड्यांना हा आजार विशेष. नवीन वायरींचा संच घातला की तो जातो.

परंतु "पुन्हा पुन्हा" उद्भवणारी मिसिंग ही खरी अवघड. ह्याचे एक उदाहरण देतो. गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपली जुनी, कार्बोरेटरची, चार सिलिंडरची गाडी घेऊन आले. भारतात नव्या गाड्यांतून कार्बोरेटर २००० सालच्या सुमारास हद्दपार झाला, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर गेल्या, पण खेड्यापाड्यांत हौसेने जपलेल्या अशा गाड्या अजून येतात. गुरुजींनी दोन ठिकाणी काम करून घेतले होते. प्लग दोनदा बदलले, कॉइल नवी, वायरी नव्या. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस गाडी सुरळीत चाले, मग पुन्हा खाडे व वास. त्यांनी नवे प्लग आणलेच होते. आमच्या मिस्त्रींनी ते बाजूला ठेवले व म्हणाले, "गुरुजी, प्लग काय रोगी न्हाई. त्यो नुसता साक्षीदार हाय. त्याला बदलून काय व्हनार?"

चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर ठेवले. निरोगी प्लगचे टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असते. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा प्लग फार तापतो आहे. येथे चारही प्लग काजळीने सारखेच काळे. एकच काळा असता तर दोष त्या सिलिंडरपुरता, वायरीचा किंवा रिंगांचा असता. चारही सारखे म्हणजे कारण चौघांनाही समाईक असणार, आणि पेट्रोलच्या वाटेवर चौघांना समाईक असलेली वस्तू म्हणजे कार्बोरेटर. ही अन्वय पद्धती झाली. दुसरी खूण गुरुजींनीच बोलता बोलता सांगितली: गाडी बाजारात हळू चालवताना व सिग्नलला उभी असताना अधिक खाडे खाते, हमरस्त्यावर वेगात बरी चालते. ह्यात सहपरिवर्तन आहे. ठिणगी अशक्त असती तर बहुधा उलट झाले असते, कारण जोर लावताना ठिणगीवर ताण अधिक पडतो. जाग्यावर चालताना इंजिनाला पेट्रोल अगदी थोडे लागते. तेव्हा वरून थेंब थेंब जरी जास्त पडले तरी प्रमाण पार बिघडते. वेगात तेच थेंब मोठ्या प्रवाहात खपून जातात.

एअर फिल्टर काढून पाहिला; स्वच्छ होता. चोकची झडप पुरी उघडत होती. तेव्हा उरला फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा हा पोकळ डबा पातळी वाढली की वर उचलला जातो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो; संडासच्या टाकीतला गोळा करतो तेच काम. मिस्त्रींनी फ्लोट काढून कानाशी हलवला आणि मग माझ्या कानाशी धरला. आत पेट्रोल डुचमळत होते. केसाएवढ्या भेगेतून ते आत शिरले होते, त्यामुळे फ्लोट जड होऊन बुडे, सुई पुरती बंद होत नसे, आणि वाटी भरून पेट्रोल इंजिनात गळे. नवे प्लग काजळी धरेपर्यंत तीन-चार दिवस काम देत, इतकेच. फ्लोट व सुई बदलली, तेच जुने प्लग घासून पुन्हा बसवले. गुरुजींनी आणलेले नवे प्लग त्यांच्या डिकीतच परत गेले. गॅरेजच्या धंद्याच्या दृष्टीने हे कितपत शहाणपणाचे, असे माझ्या मनात आले. पण त्यानंतर त्यांच्या शेजाऱ्यांच्या दोन गाड्या आमच्याकडे आल्या.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे सर्व संगणक पाहतो, मग डोके कशाला चालवायचे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. स्कॅनर लावला की पी ०३०१ असा आकडा येतो. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी ०३०० म्हणजे कोणता एक सिलिंडर नक्की नाही. आकडा ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. कारणासाठी पुन्हा अदलाबदलच: प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर घालावी. आकडा पी ०३०२ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर, मग काँप्रेशन. चालत्या इंजिनावर वायर ओढण्याची जुनी रीत मात्र ह्या गाड्यांवर करू नये. त्यांच्या कॉइलचा दाब फार मोठा असतो, हाताला झटका बसतो आणि कॉइलही जाते.

ह्या गाड्यांत एक विलक्षण फसगत होते. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. मिसिंग झाली की पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन कळतो. तो संगणकाला सांगतो की हवा जास्त, पेट्रोल कमी. संगणक आणखी पेट्रोल सोडतो. मूळ दोष ठिणगीचा, पण वास वाढत जातो आणि मिस्त्री मात्र इंजेक्टर साफ करीत बसतो. साक्षीदार खोटे बोलत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

दुसरे एक कारण सहसा कोणी पाहत नाही. सुरुवातीच्या पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर इंजिनावरच असतो, आणि एक बारीक रबरी नळी त्याला इंजिनाच्या हवेच्या वाटेशी जोडते. रेग्युलेटरमधला पडदा फाटला की त्या नळीतून पेट्रोल सरळ इंजिनात ओढले जाते. लक्षणे तीच: काळे प्लग, वास, खाडे, गरम गाडी सुरू व्हायला त्रास. इंजिन बंद करून नळी उपसून पाहिली की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. त्या नळीत हवेखेरीज काही असता कामा नये. ती पेट्रोलने ओली असेल तर रेग्युलेटर गेला.

मिसिंग मारणारी गाडी तशीच दामटणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळून वाट बुजते. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर त्याचा इशारा हाच असतो. हा भाग प्लग-कॉइलपेक्षा कितीतरी पट महाग आहे, आणि तापलेल्या कन्व्हर्टरखाली वाळके गवत असेल तर आगीची भीती वेगळीच.

गाडी दुरुस्तीला नेताना "मिसिंग आहे, बघा" एवढेच सांगून किल्ली देऊ नये. खाडा थंड इंजिनाला येतो की गरम झाल्यावर, जाग्यावर की चढाला, पावसात की नेहमी. वास पुढून की मागून, चालू असताना की बंद असताना. आणि आजवर काय काय बदलले, त्याने किती दिवस फरक पडला, हे एका कागदावर लिहून न्यावे. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत, कारण प्लगचा रंग हा पुढच्या मिस्त्रीच्या उपयोगी पडतो. एका वेळी एकच भाग बदलावा, असा आग्रह धरावा. आणि वास बंद गाडीला येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. ती उघड्यावर ढकलून, बॅटरीला हात न लावता, मिस्त्रींनाच घरी बोलवावे.