काटा खोटे का बोलतो?

मामांचा जुना ट्रक पुन्हा उभा करायचे ठरले, तेव्हा डॅशबोर्डाचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून थोडी घमेंडही होती. इंधनाचा काटा जागचा हलत नव्हता. बाजारातून नवा मीटर आणून जुन्या चकचकीत कड्यात बसवला. काट्याने पाऊण टाकी दाखवली! त्या भरवशावर आम्ही रात्री चोर्ला घाटाने निघालो आणि ऐन वळणावर ट्रक बंद पडला. टाकी कोरडी होती. काटा मात्र पाऊण टाकीच सांगत होता. मागून येणाऱ्या गाडीने वेळीच ब्रेक लावला म्हणून बचावलो. “पुस्तकातल्या तेलावर गाडी चालत नाही रे,” मामा एवढेच म्हणाले.

चूक कोठे झाली? टाकीत तेलावर एक फ्लोट तरंगतो. तो वरखाली झाला की त्याला जोडलेल्या सेंडरचा रोध बदलतो. रोधाप्रमाणे वीजप्रवाह बदलतो व त्यानुसार काटा सरकतो. हा आपल्या परिचयाचा ओहमचा नियमच होय.

परंतु कोणता रोध म्हणजे ‘रिकामी टाकी’, हे सर्व कारखान्यांनी सारखे ठरविलेले नाही. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या अनेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० व भरलेल्या टाकीला ९० ओहम धरतात. फोर्ड व क्रायस्लरच्या अनेक जुन्या गाड्यांत क्रम उलटा: रिकामी ७३, भरलेली १०. घरी येऊन मोजले, तो आमचा सेंडर दुसऱ्या प्रकारचा निघाला आणि मीटर पहिल्या प्रकारचा. रिकाम्या टाकीचे ७३ ओहम त्या मीटरला जवळजवळ भरल्यासारखे वाटत होते. तेल घटेल तसा काटा वर चढणार!

म्हणून मित्रहो, जुन्या गाडीचा मीटर बदलताना आधी बॅटरीची तार सोडावी. सेंडर टाकीबाहेर काढून फ्लोट अगदी खाली व अगदी वर धरून रोध मोजावा आणि त्याच मापाचा मीटर घ्यावा. नाहीतर सेंडरही बदलावा. ऑइल प्रेशरच्या विजेवरील मीटरलाही हाच नियम लागू आहे. तेथील चूक तर इंजिनच घेऊन जाते.

आम्ही शेवटी सेंडर बदलला. तबकडी, कडे जुनेच ठेवले. मामा मात्र अजूनही निघण्यापूर्वी टाकीत काठी घालून पाहतात. मी त्यांना हसत नाही.