खाडीतली वाट: थोडं इंजिनवाल्याला, थोडं शिडवालीला

भाचा रेवदंड्याकडे पाहुण्यांना स्पीडबोटीतून फिरवतो. नात मुंबईला जाऊन शिडाची बोट हाकायला शिकून आली आहे आणि आता धरमतरच्या खाडीत उतरायचं म्हणते. त्याचं म्हणणं, शिडवाले मध्येच आडवे येतात. तिचं म्हणणं, मशीनवाल्यांना दुसरं कुणी दिसतच नाही. दोघांचंही निम्मं खरं आहे. वेगवेगळं सांगितलं तर ज्याला जे सोयीचं तेवढंच तो लक्षात ठेवील, म्हणून दोघांना एकत्रच सांगतो.

पाणी कुणा एकाचं नाही

पेण काय, रोहा काय, दोन्ही गावं समुद्रापासून आत. पण भरतीचा जोर दोघांच्या दारापर्यंत येतो. पेणला अंतोरं बंदर आणि पुढे धरमतरची खाडी, रोह्याला कुंडलिका, ती थेट रेवदंड्याला समुद्राला मिळते. २०१६ च्या कायद्याने धरमतरच्या खाडीला मिळणारी अंबा नदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० झाली आणि रेवदंडा खाडी-कुंडलिका क्रमांक ८५. हा दुसरा जलमार्ग ३१ किलोमीटरचा. एके काळी या पाण्यावर मीठ, भात, कौलं घेऊन मचवे शिडावर मुंबईला जायचे. आता त्याच पाण्यावर कोळसा आणि खनिजाचे बार्ज धरमतरला येतात, कोळ्यांच्या होड्या बोकशीची जाळी लावतात, रेवस-करंजा फेरी, म्हणजे आपली तर, चालते आणि खाडीबाहेर मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोटसुद्धा लागते. एवढ्या गर्दीत आपलाच रस्ता समजून चालणारा आज ना उद्या कुणाच्या तरी अंगावर जातो.

मूळ मंत्र एकच

ज्याच्या हातात जास्त उपाय, त्याने आधी वाट द्यावी. बाकीचे नियम यातूनच निघतात.

समुद्रावरचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत, त्यांचाही सूर हाच. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची, कारण इंजिनाला हवं तेव्हा थांबता येतं, मागे येता येतं, शिडाला वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. शिडाने जाळं ओढणाऱ्याला वाट द्यायची, कारण त्याचे हात जाळ्यात गुंतलेले. आणि जिचं सुकाणू किंवा मशीन बिघडलं आहे, तिला सगळ्यांनी. मागून येऊन पुढे जाणारा मात्र कुणीही असो, शीड असो की इंजिन, बाजूने जायची जबाबदारी त्याचीच.

पोरी, एक पक्कं ध्यानात ठेव. शीड चढवलेलं आहे पण खाली इंजिनही चालू आहे, तर तू इंजिनवालीच. तेव्हा शिडाचा मान मागायचा नाही.

बार्जपुढे शीडही बाजूला

मंत्र तोच, पण शिडाला मिळणारा मान उलटा फिरतो तो इथे. भरलेला बार्ज भरतीच्या पाण्यावर खोल चॅनेल धरून येतो. तो चॅनेल सोडेल तर चिखलात बसेल. थांबायचं म्हटलं तरी त्याला लांबवर पाणी लागतं, आणि सुकाणूवरच्या माणसाला नाळेखालचं, म्हणजे पुढच्या टोकाखालचं, जवळचं पाणी दिसतही नाही. तिथे उपाय तुमच्या हातात आहेत, त्याच्या नाहीत. अरुंद चॅनेलमध्ये शिडाच्या बोटीने आणि वीस मीटरपेक्षा लहान कुठल्याही बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, हे नियमातही लिहिलेलं आहे. ओलांडायचंच असेल तर त्याच्या पिछाडीने, पुढून कधीच नाही. बार्ज लांब आहे असं वाटतं, तोवर तो येऊन ठेपतो.

शीड वाकडं का चालतं ते समजून घे

भाच्या, हे तुझ्यासाठी. दुपारी खारा वारा सुटला की तो समुद्राकडून खाडीत आत शिरतो. रोह्याकडून रेवदंड्याला शिडावर निघालेली बोट तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर असते, आणि वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलंच शीड चालत नाही. म्हणून ती आधी एका काठाकडे तिरपी जाते, मग वळून दुसऱ्या काठाकडे. तुला वाटतं आडवी आली. तिला दुसरी वाटच नसते.

अशी बोट दिसली की तिच्या काठाकडे बघ. काठ जवळ आला म्हणजे ती आता वळणार, हे आधीच ओळखायचं. वळताना शीड फडफडतं, आडवी काठी एका बाजूकडून दुसरीकडे जाते, माणसं डोकी खाली घालून बाजू बदलतात आणि घटकाभर बोट जवळजवळ उभी राहते. त्या घटकेला तिच्या जवळून जायचं नाही.

वाट द्यायची तर लवकर दे आणि ठसठशीत दे. सुकाणू जरासं वळवलंस तर समोरच्याला कळतच नाही की तू त्याला पाहिलं आहेस. लांबूनच नाळ त्याच्या पिछाडीकडे स्पष्ट वळव. तेवढ्याने समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. आणि शिडाला वाऱ्याच्या बाजूने चिकटून जाऊ नकोस. ज्या बाजूला वारा निघून जातो, त्या बाजूने मोकळं अंतर ठेवून जा.

लाट तुझीच असते

बोट निघून गेली तरी तिची लाट मागे राहते, आणि त्या लाटेने जे होईल ते तुझ्याच खात्यावर. मंद वाऱ्यात शिडाची बोट तुझ्या लाटेवर डोलायला लागली की शिडातला वारा सांडतो आणि ती जागच्या जागी हेलकावत बसते. होडीत उभा राहून जाळं ओढणारा माणूस तोल जाऊन पाण्यात पडतो. ओहोटीला चिखलात शिवल्या वेचणाऱ्या बायांच्या टोपल्या वाहून जातात.

लाट कमी करायची म्हणून अर्धा वेग कमी करणारे खूप आहेत. तिथेच चूक होते. स्पीडबोट पूर्ण वेगात पाण्यावरून घसरते आणि अगदी सावकाश असली तर पाणी फारसं हलवत नाही. सगळ्यांत मोठी लाट उठते ती मधल्या वेगाला, पिछाडी खाली बसून नाळ वर जाते तेव्हा. म्हणून लांबून जायचं असेल तर एका वेगात लांबूनच जा. जवळून जायचं असेल तर बऱ्याच आधी वेग पार खाली आण, नाळ सपाट होऊ दे, आणि मग जा. अगदी जवळ येऊन एकदम थ्रॉटल ओढलास तर तुझी मागची लाट तुझ्याच पिछाडीवर चढेल.

आपल्या खारेपाटात लाटेचा आणखी एक हिशेब आहे. उधाणाच्या भरतीला पाणी खारबांधाच्या काठोकाठ येतं. त्या वेळी एकामागून एक लाटा बांधावर आपटल्या की मातीचा बांध झिजतो आणि कुठेतरी खांड जाते. खांडीतून खारं पाणी भातशेतीत शिरलं की त्या वर्षीचं पीक तर जातंच, जमीन पुन्हा गोडी व्हायलाही पावसाळे जावे लागतात. पाहुण्यांना दोन मिनिटांची मजा आणि शेतकऱ्याला त्याची किंमत, असा सौदा करू नकोस. उधाणाच्या पूर्ण भरतीला बांधाजवळून सावकाशच जायचं.

जाळ्याला दोघांनीही मान द्यायचा

पाण्यावर बोया दिसल्या, थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले, खुंट दिसला, म्हणजे खाली कुणाची तरी भाकरी आहे. दोन बोयांच्या मधून जायचं नाही, ओळीचं टोक गाठून वळसा घालायचा. खुंट दिसत असला तरी जाळं त्याच्यापासून कुठे पसरलंय ते पाण्याच्या ओढ्यावर ठरतं, म्हणून ओढ्याच्या बाजूला जास्त जागा सोडायची. पंख्यात जाळं अडकलंच तर आधी इंजिन बंद. चाकू काढायची घाई करू नका. जाळेवाल्याला हाक मारा, तो येऊन सोडवेल. कापावंच लागलं तर भरपाई ठरवूनच निघायचं. जिताडा ज्याच्या जाळ्यात यायचा होता, त्याचा दिवस आपण मोडला, हे विसरायचं नाही.

शिडवाली, आता तुझी पाळी

वाट मिळते म्हणून ती कशीही वापरायची नाही. समोरचा तुला वाट देतोय म्हटल्यावर तुझं काम सोपं आहे: आहे ती दिशा आणि आहे तो वेग धरून राहायचं. तो तुझ्या पिछाडीकडे वळला आणि तूही त्याच वेळी वळलीस, तर त्याने बिचाऱ्याने करायचं काय? वळायचं असेल तर तो बराच लांब असताना वळ, नाहीतर त्याला जाऊ दे आणि मग वळ.

दोन शिडं समोरासमोर आली तर उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला वाट. दोघींचा वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याकडे असलेलीने बाजूला व्हायचं.

लाँचचा धक्का, तरीची वाट आणि बार्जचा चॅनेल ही तुझी खेळायची जागा नाही. काठाकडचं पाणी तुला पुरतं, त्यांना पुरत नाही. रात्री लहान बोटीत दिवे नसले तरी बॅटरी हाताशी हवी, आणि कुणी जवळ येताना दिसलं की ती पेटवून शिडावर मारायची. पांढरं शीड उजळलं की लांबून दिसतं.

थंडीतल्या सकाळी खाडीवर धुकं बसतं. तेव्हा चालती इंजिनाची बोट दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देत राहते, शिडाची बोट एक लांब आणि दोन आखूड. लहान होडीत भोंगा नसेल तर पातेलं वाजवा, पण गप्प बसू नका.

ओढा ओळखा

जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हे बंदराच्या तोंडचं गणित. आत पेण-रोह्याकडे भरती थोडी उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढा जोरात, अष्टमीच्या भांगाला मंद.

अरुंद वळणावर किंवा पुलाखाली दोन बोटी समोरासमोर आल्या तर पाण्याबरोबर वाहत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. त्याला थांबणं कठीण, पाण्याच्या उलट चालणाऱ्याला जागेवर उभं राहणं सोपं. कुंडलिकेवर वर कोलाडला राफ्टिंग चालतं, भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. तिथे वरच्या राफ्टने खालच्या राफ्टला सांभाळायचं, कारण वरच्याला खालचा दिसतो आणि खालच्याची पाठ असते. नियम वेगळा दिसला तरी मंत्र तोच.

भोंगा शिवी द्यायला नसतो

एक आखूड भोंगा, मी उजवीकडे वळतोय. दोन, डावीकडे. तीन, माझं इंजिन उलटं चालतंय. पाच किंवा जास्त, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. एवढी भाषा दोघांना आली की निम्मी भांडणं मिटतात. आणि वाट मिळाली की हात वर करायचा. खर्च काही नाही, पण पुढच्या खेपेला तोच माणूस तुम्हाला ओळखून वाट देतो.

ताकद दाखवायची जागा ही नाही

भरधाव वळणं घ्यायची हौस असेल तर ती माणसांपासून लांब, मोकळ्या पाण्यात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला, असं सांगितलं गेलं. तिथे शिकलेले, सरावलेले हात होते. यंत्र कुणाचंही दगा देऊ शकतं, आणि पाण्यावर ब्रेक नसतो. अंतर हाच ब्रेक.

अडलेल्याला सोडून जायचं नाही

वारा पडला की शीड अडतं, तेल संपलं की इंजिन अडतं. दोर टाकून ओढून नेताना वेग सावकाश, दोर लांब, आणि दोराच्या रेषेत कुणी बसायचं नाही. आपल्याने होण्यासारखं नसेल तर तटरक्षक दलाला १५५४ लावायचा आणि मदत येईपर्यंत जवळ थांबायचं. १७ जुलै १९४७ ला रेवसला येणारी ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं, हे या किनाऱ्यावर अजून सांगतात. बुडणारा कुणाचा कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

हक्क सांगत बसू नका

नियमांत ‘हिने वाट द्यावी’ आणि ‘हिने दिशा धरून राहावं’ असं आहे. ‘हिने धडकावं’ असं कुठेही नाही. समोरचा वाट देत नाही असं दिसलं की दिशा धरणाऱ्यानेही बाजूला व्हायचं, हेही त्याच नियमात आहे. खाडीत तुम्हाला नियम न वाचलेली माणसं रोज भेटतील. भाड्याची बोट घेतलेला पर्यटक भेटेल, चार दिवस शिकलेला शिडवाला भेटेल. त्यांच्या वाटणीचं शहाणपण त्या वेळी तुम्हाला करावं लागेल. करा आणि पुढे जा. पाण्यावर ओरडून कुणी शिकत नाही, वाऱ्यात अर्धे शब्द उडून जातात आणि उरतात त्या शिव्या. बोलायचं असेल तर धक्क्याला लागल्यावर त्याला गाठा, चहा सांगा, आणि मग निवांत त्याची चूक सांगा. त्यात तुमचीही एखादी निघाली तर तीही ऐकून घ्या.