माइनक्राफ्टमधील हिरा आणि ऋण संख्यांचा पाठ

स्वीडनमधील मोजांग या संस्थेने २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेला माइनक्राफ्ट हा खेळ आता खेड्यातील मुलांच्याही परिचयाचा होऊ लागला आहे. घरातील मोबाइल घटकाभर हाती आला, की मूल त्यातील भूगर्भात शिरते. त्याला तेथून ओढून काढण्यापूर्वी ते खाली काय शोधते, हे शिक्षकाने समजून घ्यावे. सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्या शिकविताना त्याचा चांगला उपयोग होतो.

मूल शोधते तो हिरा होय. परंतु तो मिळविण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम झाड तोडून लाकडाची कुदळ करावयाची, तिने दगड काढून दगडी कुदळ घडवावयाची आणि दगडी कुदळीने लोहखनिज काढून ते भट्टीत वितळवावयाचे. लोखंडाच्या तीन लगडी व दोन काठ्या मिळून लोखंडी कुदळ होते. हिऱ्याचे खनिज दगडी कुदळीने फोडले, तर ते फुटते खरे, पण हाती काहीच लागत नाही. उतावळ्या मुलाला ही शिक्षा खेळच देतो. शिक्षकाने वेगळे रागावण्याची गरज राहत नाही.

या जगाला थर आहेत व प्रत्येक थराला क्रमांक आहे. समुद्राचे पाणी सुमारे ६२ व्या थरावर असते. २०२१ सालच्या सुधारणेनंतर तळ उणे ६४ पर्यंत गेला. हिरे १६ व्या थराच्या खाली आढळतात आणि जसजसे खाली जावे तसतसे वाढतात. उणे ५९ च्या आसपास ते विपुल असतात. मात्र सुमारे उणे ५४ च्या खालच्या गुहा लाव्ह्याने भरलेल्या असतात. म्हणून सावध खेळाडू उणे ५३ वर थांबतो व थोडे कमी हिरे पत्करतो.

येथे फळ्यावर प्रश्न मांडावा. घर ७० व्या थरावर आहे. उणे ५३ पर्यंत किती थर उतरावे लागतील? बरीच मुले सत्तरातून त्रेपन्न वजा करून १७ असे उत्तर देतात. त्यांना लगेच चूक म्हणू नये. फळ्यावर उभी संख्यारेषा काढून एकेका मुलाला तिच्यावरून बोट खाली नेण्यास सांगावे. शून्यापर्यंत ७० आणि शून्याखाली ५३, मिळून १२३, हे त्याचे त्यालाच उमगते.

पुढील हिशेब याहून गोड आहे. पायऱ्या खोदीत उतरताना प्रत्येक पायरीला तीन ठोकळे काढावे लागतात, म्हणजे ३६९. दगडी कुदळ १३१ ठोकळ्यांनंतर मोडते. तेव्हा तीन दगडी कुदळी पुरतात आणि लोखंडी कुदळ हिऱ्यासाठी शिल्लक राहते. दर दहा पायऱ्यांना एक मशाल धरली, तर बारा मशाली लागतात. एक कोळसा व एक काठी यांपासून चार मशाली होतात. कोळसे किती, हे मुलांनी सांगावे.

खाली पोचल्यावर आडवा बोगदा खणून त्याला समांतर फाटे काढतात. दोन फाट्यांमध्ये दोन ठोकळ्यांची भिंत ठेवली, तर प्रत्येक ठोकळा कोणत्या ना कोणत्या बाजूने दिसतो. तीन ठेवले, तर मधला लपतो. हे चौकटीच्या वहीत रेखाटून मुलांकडूनच शोधवून घ्यावे. ज्या शाळेत एकही मोबाइल नाही, तेथेही हा भाग तितकाच रंगतो.

सरळ पायाखाली खोदू नये, हा खाणीचा पहिला नियम. खाली लाव्हा असेल, तर खेळाडू मरतो आणि बरोबरचे सामान बहुधा जळून जाते. दोन तासांची मिळकत गमावलेले मूल खरोखरच रडते, त्याला हसू नये. पाण्याची बादली जवळ ठेवली असती, तर लाव्ह्यावर पाणी ओतून त्याचा कठीण काळा दगड करता आला असता, एवढे सांगावे.

एका गोष्टीचा मात्र खुलासा करावा. खेळात हिरा साध्या खडकात मिळतो. प्रत्यक्षात तो पृथ्वीच्या पोटात फार खोल तयार होतो आणि किंबर्लाइटसारख्या विशिष्ट खडकांबरोबर वर येतो. मध्य प्रदेशातील पन्ना येथे त्याची खाण आहे. नकाशावर पन्ना दाखवून मुलांना आपल्या गावापासूनचे अंतर मोजण्यास लावावे.