सड्यावर नेण्याआधी: आत्याचा कानमंत्र

अरे, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यास, रंग दिलास, रस्त्याला पाटीही लावलीस. बागेचं आत्याला विचारतोयस, तर आधी एक ऐक. कासच्या पठाराशेजारी राहून अंगणात दुसरं कास उभं करायच्या फंदात पडू नकोस. तेरडा असो, आमरीचा कंद असो, वरून एक रोप उपटून आणायचं नाही. वर सड्यावर, जांभ्याच्या कातळावर, माती ती किती, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही, आणि तिच्यात कस नाही. त्या उपासातच ही झाडं वाढतात. सीतेची आसवं बघ, निळी-जांभळी, नाजूक. मातीत पोट भरत नाही म्हणून ओल्या मातीत बारीक पिशव्या लपवून ठेवतात आणि पाण्यातले जीव ओढून घेतात. दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. तुझ्या शेणखताच्या वाफ्यात आणलीस, तर गवतच त्यांना गिळून टाकेल. म्हणूनच घरामागच्या सड्याच्या उतारावर युरिया टाकायचा नाही. पाऊस तो कुठे वाहून नेतो ते तुला दिसत नाही, गवताला बरोबर कळतं.

अंगणात लावायचं ते अंगणातलंच लाव. प्राजक्त, सोनचाफा, अबोली, जास्वंद, दसऱ्याला झेंडू. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ. पाणीही जिरतं आणि पाहुण्याला वडी मिळते. दारात गवती चहा हवाच, भिजून आलेल्या माणसाला तोच लागतो. पण तो पिवळा-केशरी कॉसमॉस, बी स्वस्त मिळतं आणि फोटोत छान दिसतो म्हणून पेरू नकोस. त्याचं बी कुंपण मानत नाही, उद्या सड्यावर तोच दिसेल. घाणेरीचंही तेच. शहरातल्या लोकांना ती आवडते, आपण काढून काढून थकतो.

फोनवर विचारतात, "फुलं कधी बघायला येऊ?" त्यांना तारीख देऊन बांधून घेऊ नकोस. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत म्हण, बाकी पावसावर. सगळे रंग एका दिवशी नसतात, हे आधीच सांग. कधी पांढरे गेंद, कधी गुलाबी तेरडा, पुढे पिवळी सोनकी. कारवी तर सात वर्षांनी फुलते. मधल्या वर्षी येणाऱ्याला नुसती पानं दिसायची, हेही सांग. खरं सांगितलं म्हणून कुणी परत जात नाही, खोटं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भांडतात. कासला हंगामात प्रवेशशुल्क असतं, आधी नोंदणी करावी लागते, तेही फोनवरच सांगून टाक. शनिवार-रविवार शक्यतो टाळ. 2012 साली जागतिक वारशात नाव गेल्यापासून गर्दी काही विचारू नकोस.

सकाळी नाश्ता झाला की लगेच निघा. आभाळीची फुलं दुपार झाली की मिटतात; मग पाहुणे म्हणणार, फोटोत होती ती कुठं गेली? आपल्या सड्यावर नवी वाट पाडू नकोस, गुरांनी मळलेली आहे तीच धर. एकामागे एक चालायचं, पाय उघड्या कातळावर, शेवाळ टाळून. खळग्यातल्या पाण्यात कुणाला उतरू देऊ नकोस. वायतुरा तिथंच उगवतो, पाण्याबाहेर त्याचा इवलासा तुरा तेवढा दिसतो, बुटाखाली गेला तर कळतही नाही. वाटेच्या खुणेसाठी दगड उचलू नकोस. खाली विंचू असतो, पालींची अंडी असतात. त्यापेक्षा तू स्वतः पुढं चाल. कारवीच्या झुडपात हात घालायचा नाही, हे मुलांना दोनदा सांग. हिरवा चापडा फांदीवर बसला तर पानच वाटतो.

आणि फोटोवाले! फुलांत बसून, लोळून काढतात. रागावू नकोस, पण लाजूही नकोस. "ताई, कातळावर या, इथून उजेड चांगला आहे," म्हण. माणसं ऐकतात. उजेड खरंच चांगला असतो, नसला तरी काय बिघडलं.

मोज्यांत तंबाखूची पूड भुरभुरली की जळवा फारशा चढत नाहीत. चढलीच तर ओढायची नाही, नखानं तोंड सोडवायचं. परत आल्यावर ओल्या बुटांत जुनं वर्तमानपत्र कोंबून ठेवायला सांग. चुलीजवळ ठेवलेस तर चामडं तडकतं.

अंगणात रात्री मोठे पांढरे दिवे लावलेस, ते मला पसंत नाहीत. पतंग सगळे तिथेच घिरट्या घालून मरतात. आमरीच्या पांढऱ्या फुलांकडे रात्री पतंगच जातात, त्यांना तू दारात अडकवून ठेवतोस. पायरीपाशी एक पिवळा, मंद दिवा पुरे. आणि जेवणाचं विचारलं की पनीर-बिनीर म्हणू नकोस. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. कांदा मात्र आयत्या वेळी फोड.